उपग्रहाच्या नकाशाला जमिनीवरचा पुरावा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जिल्हावार हवा-प्रदूषणाचे रंगीत नकाशे हल्ली वारंवार छापून येतात. ‘उपग्रहाने टिपलेले’ म्हटले की वाचक निर्धास्त होतो आणि लाल दिसणाऱ्या जिल्ह्याचा माणूस धास्तावतो. या नकाशांमागचे आकडे किती खरे, हे तपासण्याची चांगली शास्त्रीय पद्धत आहे. बातमीत तिचा उल्लेख सहसा नसतो, म्हणून हे पत्र.

उपग्रह धूलिकण मोजत नाही. हवेतल्या कणांवरून विखुरलेला आणि जमिनीवरून परतलेला, असा मिसळलेला प्रकाश त्याच्याकडे पोचतो. त्यातला जमिनीचा वाटा अंदाजाने वजा करावा लागतो. समुद्र गडद असल्याने तिथे हे सोपे जाते, दाट हिरवाईवरही बऱ्यापैकी साधते. पण एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात पिके निघून राने उघडी पडतात, माळ वाळून पिवळे होतात, तेव्हा तोच अंदाज डळमळतो. शहरांच्या सिमेंट-पत्र्यांवरही तीच अडचण.

याची पडताळणी सन फोटोमीटर करतो. हे यंत्र थेट सूर्याकडे रोखलेले असल्याने त्याच्या मोजणीत जमीन येतच नाही. कणांमुळे सूर्यप्रकाश किती अडला, म्हणजेच एरोसोल ऑप्टिकल डेप्थ, हे त्यातून ०.०१ ते ०.०२ इतक्या अचूकतेने कळते. नासाच्या पुढाकाराने चाललेल्या एरोनेट जाळ्यात अशी यंत्रे जगभर आहेत. कानपूरच्या आयआयटीतले केंद्र २००१ पासूनचे, आणि पुण्यात पाषाणला आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतही एक आहे. उपग्रह माथ्यावरून जातो त्याच्या अर्धा तास आगेमागे या यंत्राने घेतलेल्या नोंदी आणि केंद्राभोवतालच्या पट्ट्यातला उपग्रहाचा आकडा शेजारी ठेवून पाहतात.

नासाच्या उपग्रहांवरील ‘मोडिस’ उपकरणाच्या १० किलोमीटरच्या नोंदींसाठी जमिनीवर मान्य केलेली चूक आहे ०.०५ अधिक मूल्याच्या १५ टक्के. हिशेब करून पाहा. खरे मूल्य ०.४० असेल, तर उपग्रहाने ०.२९ सांगितले काय किंवा ०.५१ सांगितले काय, दोन्ही चालते. शिवाय दोन तृतीयांश नोंदी या मर्यादेत बसल्या की पद्धत उत्तीर्ण! नकाशात मात्र ०.२९ आणि ०.५१ या दोन आकड्यांना वेगवेगळे रंग मिळतात, आणि त्यावरून आपण जिल्ह्यांचे क्रमांक लावतो.

बरे, हा आकडा जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या हवेचा. आपण नाकाने घेतो ती खालची. उंचावरून धूळ वाहत आली तर नकाशा लाल होतो, खाली फारसा फरक नसतो. हिवाळ्यात पहाटे धूर जमिनीलगत कोंडतो, तेव्हा ‘मोडिस’ वाहणारा ‘टेरा’ उपग्रह माथ्यावर यायला अजून अवकाश असतो. पावसाळ्यात ढगांमुळे नोंदीच फार कमी मिळतात, त्यामुळे ‘वार्षिक सरासरी’ बहुतांशी कोरड्या महिन्यांचीच असते.

उपग्रह टाकाऊ आहे असे मी मुळीच म्हणत नाही. जिथे एकही मापन केंद्र नाही अशा तालुक्यांसाठी तोच आधार आहे, आणि म्हणूनच त्याची पडताळणी अधिक काटेकोर हवी. उघड्या रानांच्या, खाणींच्या, औष्णिक वीज केंद्रांच्या पट्ट्यात सन फोटोमीटर वाढवावेत, असा आग्रह आपल्या दैनिकाने शासनाकडे धरावा. आणि पुढचा नकाशा छापताना त्याखाली तीन गोष्टी द्याव्यात: नोंदी किती दिवसांच्या, चुकीची मर्यादा किती, आणि जवळच्या जमिनीवरील केंद्राने त्याच काळात काय दाखवले.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, पुणे