मृत्युपत्राला वकील लागतोच का?

मा. संपादक, स. न.

आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर सध्या मृत्युपत्राचा एक रेडीमेड नमुना फिरून राहिलाय, नावं भरा, सही ठोका, झालं. त्यावरून दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणते वकिलाला फुकटचे पैसे कशाला, दुसरी म्हणते वकिलाशिवाय केलेला कागद कोर्टात टिकतच नाही. मला दोन्ही पटत नाही.

मृत्युपत्र साध्या कोऱ्या कागदावर, मराठीत, हाताने लिहिलेलं चालते. स्टॅम्प पेपर नको, नोटरी नको, रजिस्ट्रेशनही आपल्या मर्जीवर. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम ६३ मागते ते एवढंच की तुमची सही आणि किमान दोन साक्षीदार, ज्यांनी तुम्हाला सही करताना पाहिलं किंवा ही माझी सही असं तुमच्या तोंडून ऐकलं, आणि मग तुमच्यासमोर स्वतःची सही केली. घरी केलेले कागद बहुतेक इथंच अडकतात. आपण मॉर्निंग वॉकचा मित्र पकडतो, तोही पंचाहत्तरीचा! उद्या कोणी हरकत घेतली तर कोर्टात साक्षीदार उभा करावा लागते, तो आपल्याआधीच गेला तर काय करणार? साक्षीदार आपल्यापेक्षा तरुण पाहा, आणि ज्याला वाटा देताय त्याला तर घेऊच नका, उगाच संशयाला जागा.

आता एकच फ्लॅट, दोन एफडी, बायको आणि पोरंपोरी एकमेकांशी नीट बोलतात, अशा घरात स्वतः लिहा बिनधास्त. फक्त नॉमिनी टाकला म्हणजे काम झालं असं समजू नका, नॉमिनी पैसे ताब्यात घेते, मालक वारसच. शेअर्सबद्दल सुप्रीम कोर्टाने हे २०२३ मध्ये सांगितलं, तरी बँकेच्या लाइनीत अजून तेच ऐकू येते.

वकील लागतो तो लिहायला नाही, तर तुमचं नेमकं काय आहे हे सांगायला. नागपुरात तर हे फारच. प्लॉट एनआयटीचा (नागपूर सुधार प्रन्यासचा) किंवा नझूलचा (सरकारी जमिनीचा) असेल तर तो बहुधा लीजवर असतो, आपण लिहून बसतो 'माझ्या मालकीचा'. काटोलकडे आजोबांच्या वेळची संत्र्याची बाग असेल तर सातबाऱ्यावर तुमचं नाव असलं तरी वडिलोपार्जित वावर पूर्ण एकट्या पोराच्या नावे करता येत नाही, हिंदू कायद्यात २००५ पासून पोरींचाही जन्मतः हक्क आहे त्यात, तुम्ही देऊ शकता तो फक्त तुमचा हिस्सा. अशा ठिकाणी फी द्या, आणि कागदपत्रं न पाहता एका बैठकीत टाइप करून देतो म्हणणाऱ्याला देऊ नका. सर्वात मोठं पोरगं स्वतः वकील ठरवून आणून राहिलं असेल तर जरा थांबा, नंतर बाकीचे दबाव आणला म्हणणारच.

रजिस्टर केलेलं अटळ असते हाही गैरसमजच. नंतरचं साधं, नीट साक्षांकित मृत्युपत्र आधीच्या रजिस्टर्डला रद्द करू शकते. तारीख स्पष्ट टाका म्हणून.

आणि फीचीच अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारून पाहा, तिथं मोफत कायदेशीर मदत मिळते, आणि बायकांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

आपला,
एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर