मेळाव्यात भेटायला वेळ ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी संपली की उद्योजक मेळावे, व्यापारी संघटनांचे स्नेहमेळावे, माजी विद्यार्थ्यांची संमेलनं यांचा हंगाम सुरू होतो. व्यासपीठावरून एक वाक्य हमखास येतं : मराठी माणसाला बोलता येत नाही, ओळखी वाढवता येत नाहीत. हे वाक्य साधारण सव्वाबाराला उच्चारलं जातं. तोवर समोरचे दोनशे लोक दीड तास पुढच्याच्या पाठीकडे बघत गप्प बसलेले असतात.

अशा कार्यक्रमांची आखणी करणारे आम्ही काही जण आहोत. माणसांच्या भिडस्तपणाबद्दल बोलण्याआधी कार्यक्रमपत्रिका बघा, असं आमचं म्हणणं आहे. निमंत्रणात दहाची वेळ असते, सुरुवात पावणेअकराला होते. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, प्रास्ताविक. मग आठ पाहुण्यांचा शाल, श्रीफळ देऊन सत्कार. नाव पुकारणं, चालत येणं, फोटोसाठी थांबणं धरलं तर एकाला दोन मिनिटं, म्हणजे सोळा मिनिटं नुसता सत्कार. पुढे चार भाषणं आणि आभार. दीड वाजता माणसं उठतात ती थेट जेवणाच्या रांगेत आणि सव्वादोनला पार्किंग रिकामं. ज्या भेटीगाठींसाठी पाचशे रुपये भरून लोक आले, त्या रांगेतल्या वीस मिनिटांत उरकायच्या.

मोकळ्या भेटींची वेळ भाषणांच्या आधी ठेवा. दहा ते पावणेअकरा फक्त चहा आणि भेटी, भाषणं त्यानंतर. उशिरा येणारे येतच राहतात, वेळेवर आलेल्यांची शिक्षा तरी टळते. शिवाय भाषणाच्या आधी ओळख झालेली दोन माणसं शेजारी बसतात आणि जेवताना पुन्हा एकत्र येतात.

या पाऊण तासात स्पीकरवर सनई किंवा गाणी लावू नका. मागे आवाज असला की माणूस नकळत मोठ्याने बोलतो. फ्रेंच डॉक्टर एतियेन लोंबार यांनी १९११ मध्येच हे नोंदवलं होतं. एक जण आवाज चढवतो, शेजारचा त्याच्यावर चढवतो आणि दहा मिनिटांत सगळा हॉल ओरडत असतो. अशा वेळी कमी ऐकू येणारी ज्येष्ठ मंडळी सगळ्यात आधी गप्प होतात. खुर्च्या भिंतीकडे सरकवा, ज्येष्ठांपुरत्या वीसेक मध्ये राहू द्या. चहा दारात नको, तिथे कोंडी होते आणि कोणी आत सरकत नाही. हॉलच्या आतल्या बाजूला दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवा, म्हणजे चहासाठी तरी माणसं हॉल ओलांडतात.

नावाचे बिल्ले हा दुर्लक्षित विषय. बिल्ल्यावर संस्थेचं बोधचिन्ह मोठं आणि माणसाचं नाव मुंगीएवढं, असं बहुतेक ठिकाणी दिसतं. नावाचं अक्षर दीड-दोन सेंटिमीटर उंच हवं, म्हणजे सहा फुटांवरून वाचता येतं. त्याखाली पदाऐवजी काम लिहा. ‘संचालक’ वाचून काही कळत नाही, ‘हळद पॉलिश व पॅकिंग, सांगली’ वाचून पहिला प्रश्न आपोआप सुचतो. गळ्यात अडकवायचा बिल्ला हमखास उलटा होतो, तेव्हा दोन्ही बाजूंना छापा आणि दोरीला गाठ मारून तो छातीवर आणा. पोटावर लोंबणारं नाव वाचायला मान खाली घालावी लागते, म्हणून कोणी वाचत नाही. पिनचा बिल्ला असेल तर उजव्या बाजूला लावा, हात पुढे केला की समोरच्याची नजर तिकडेच जाते.

शंभर माणसांमागे पाच-सहा यजमान नेमा. एकट्या उभ्या असलेल्या माणसाला दुसऱ्यापर्यंत नेऊन सोडणं एवढंच त्यांचं काम. ही युक्ती आमची नव्हे. संक्रांत ते रथसप्तमी घरोघरी होणाऱ्या हळदीकुंकवात घरधनीण दारातच नावाने हाक मारते आणि आत बसलेल्या बाईशी ‘या आमच्या शेजारच्या, यांचा टिफिनचा व्यवसाय आहे’ अशी गाठ घालून देते. लाखभर रुपये खर्चून केलेल्या मेळाव्यात एवढंही होत नाही.

आता येणाऱ्यांकडे वळू. स्वतःची ओळख करून देताना आपल्याकडे दोन टोकं दिसतात. एक, ‘आपलं छोटंसं वर्कशॉप आहे शिरोलीला’. दुसरं, १९८७ साली वडिलांनी लावलेल्या पहिल्या लेथपासून सुरू होणारा इतिहास. पहिल्यात ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, दुसऱ्यात तो सुटकेची वाट बघतो. वीस सेकंदांत तीन गोष्टी सांगा : काय करता, कोणासाठी करता, कोणत्या कामासाठी लोक तुमच्याकडे येतात. ‘मी शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशीनिंग करतो. ट्रॅक्टरच्या पंपाची पाच किलोपर्यंतची कास्टिंग आमच्याकडे येतात. लहान लॉट, पन्नास-शंभर नगांचे, इतर जण घेत नाहीत ते आम्ही घेतो.’ (सीएनसी मशीनिंग म्हणजे संगणकाच्या नियंत्रणाखालच्या यंत्रावर धातू कापणं, कास्टिंग म्हणजे ओतीव भाग.) हे चोवीस शब्द आहेत, घाई न करता बोलून पंधरा सेकंदांत होतात. ‘पन्नास-शंभर नगांचे’ हा तपशील ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतो आणि महिन्याभराने कोणाची तरी तशी अडचण कानावर आली की तुमची आठवण होते. ‘आम्ही सगळंच करतो’ म्हणणारा कोणालाच आठवत नाही.

नाव सांगताना नुसतं ‘मी कुलकर्णी’ म्हणू नका. हॉलमध्ये सात कुलकर्णी असतात. पूर्ण नाव सांगा आणि क्षणभर थांबा. नाव आणि काम एका दमात सांगितलं की कामाच्या आवाजात नाव बुडतं. समोरच्याचं नाव नीट ऐकू आलं नसेल तर तेव्हाच पुन्हा विचारा. अर्धा तास गप्पा मारल्यावर विचारणं अवघड जातं आणि मग माणूस शेवटपर्यंत ‘साहेब, साहेब’ करत राहतो.

‘मूळ गाव कुठलं?’ हा प्रश्न चांगला, त्यातून पाहुणेरावळे, शाळा, एसटीचा स्टँड असं काहीतरी निघतंच. पण त्याच्या पाठोपाठ येणारा ‘म्हणजे तुम्ही कुठले पाटील?’ हा प्रश्न घरी ठेवून या. तो कशासाठी असतो हे विचारणारा आणि ऐकणारा, दोघांनाही माहीत असतं.

घोळक्यात शिरायचं कसं, ही बहुतेकांची खरी अडचण. आधी पायांकडे बघा. दोन माणसं अगदी समोरासमोर, पायांचे पंजे एकमेकांकडे करून उभी असतील तर त्यांचं काही नाजूक चाललंय, तिकडे जाऊ नका. तिघे जण उभे असतील आणि त्यांच्यात एक बाजू उघडी असेल तर तिथे जाऊन उभे राहा, चालू वाक्य संपू द्या आणि चाललेल्या विषयावरच एखादा प्रश्न विचारा. आपली ओळख नंतर. विषय तोडून कार्ड वाटणारा माणूस घोळका मोडतो. चार जण झाले की थांबावं हे बरं, पाचवा आला की गप्पा दोन ठिकाणी फुटतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मोकळ्या गप्पांचे घोळके मोजले, तेव्हा एका संभाषणाची मर्यादा साधारण चारच निघाली होती.

मग बोलायचं काय? ‘काय म्हणतोय धंदा?’ याचं उत्तर ‘चाललंय’. यात दोष उत्तर देणाऱ्याचा नाही. एवढ्या मोठ्या प्रश्नाला एवढंच उत्तर सुचतं. कामातली एखादी जागा धरून विचारा. फाउंड्रीवाल्याला, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्याला, विचारा, ‘सध्या रिजेक्शन जास्त कुठे येतं, कास्टिंगमध्येच की मशीनिंगला गेल्यावर?’ तो म्हणेल, ‘मशीनिंगला गेल्यावर. वरून जॉब स्वच्छ दिसतो, टूल लागलं की आत ब्लोहोल निघतो.’ (ब्लोहोल म्हणजे ओतीव धातूत हवा अडकून राहिलेली पोकळी.) इथे बहुतेक जण आपली गोष्ट सुरू करतात : ‘आमच्याकडे पण तसंच...’. थोडं थांबा आणि त्याच्या उत्तरातूनच दुसरा प्रश्न काढा : ‘मग मशीनिंगचा खर्च कोण सोसतं, तुम्ही की कंपनी?’ आता तो मनापासून बोलायला लागतो, कारण हा प्रश्न त्याला रात्री झोपू देत नसतो. पहिला प्रश्न कोणीही पाठ करून येऊ शकतो. दुसऱ्यासाठी उत्तर ऐकावं लागतं.

ऐकणं जमत नाही याला कारण आहे. जगातल्या दहा भाषांमधल्या संभाषणांचा २००९ मध्ये एक अभ्यास झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी फक्त ०.२ सेकंद जातात, असं त्यात दिसलं. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण उत्तराची जुळवाजुळव करत असतो. त्या दहांत मराठी नव्हती, पण आपल्या चहाच्या टपरीवर ही फट ०.२ पेक्षा कमीच असावी. समोरचा थांबला की मनात एक-दोन मोजा. दोन सेकंद फार लांब वाटतात, पण बहुतेक वेळा त्या जागेत तोच पुढचं, जास्त कामाचं बोलतो.

डॉक्टर, वकील, सीए भेटले की ‘जीएसटीचं एक विचारायचं होतं’ म्हणून फुकट सल्ला मागणं बंद करा. तसंच पहिल्याच भेटीत ‘रेट काय लावता?’ नको. कार्यक्रमाला आलेल्या उद्योजिकेला ‘मॅडम, साहेब काय करतात?’ विचारणारे अजून आहेत. तिच्या मशिनरीबद्दलचा प्रश्न शेजारी उभ्या नवऱ्याला विचारणारे त्याहून जास्त. प्रश्न तिचा आहे, तिला विचारा. तिने हात पुढे केला तर हस्तांदोलन, नाहीतर नमस्कार.

जेवणाचं गणित सरळ आहे. उजवा हात आमटी-भातात असताना समोरचा हात पुढे करतो, मग मनगट पुढे करण्याची ती कसरत सुरू होते. डावा हात ताटाने अडकलेला, कार्ड खिशात. उभ्याने जेवताना गाठीभेटी होत नाहीत, हे मान्य करा. घरून थोडं खाऊन या, गप्पा चहाच्या वेळी मारा आणि कप डाव्या हातात धरा. ज्यांची ओळख आधी झाली आहे त्यांच्यासोबत जेवायला बसा.

निरोप घेणं सगळ्यात अवघड. संभाषणं कधी संपतात यावर अमेरिकेत २०२१ मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. दोघांना हवं तेव्हा संभाषण संपलं, असं जवळजवळ कधीच घडत नाही असं त्यात आढळलं. एकाला आधीच निघायचं असतं किंवा एकाला अजून बोलायचं असतं, आणि कोणीच सांगत नाही. त्यामुळे निघण्यात उद्धटपणा वाटण्याचं कारण नाही. फोन आल्याचं नाटक करू नका, ते कळतं. ज्या मुद्द्यावर बोललात तो एकदा उच्चारा आणि निघा : ‘ते ब्लोहोलचं लक्षात राहील माझ्या. आमच्याकडे एक टेस्टिंगवाले आहेत, त्यांचा नंबर पाठवतो. येतो मी.’ त्याहून चांगलं म्हणजे निघताना दोघांची गाठ घालून देणं. त्यात दोघांची कामं सांगा, नुसती नावं नकोत : ‘हे कास्टिंग करतात, यांची एक्स-रे टेस्टिंगची लॅब आहे.’

सगळ्यात जास्त माती होते ती घरी गेल्यावर. खिशात सतरा कार्डं निघतात आणि चेहरे तीन आठवतात. माणूस पाठमोरा झाला की पाच मिनिटांच्या आत कार्डाच्या मागे दोन शब्द लिहा : ‘ब्लोहोल, लॅबचा नंबर द्यायचा’. गुळगुळीत लॅमिनेशनच्या कार्डावर पेन उठत नाही, म्हणून कार्ड छापताना मागची बाजू साधी ठेवा. कार्ड नसेल तर मोबाइलमध्ये नाव, काम आणि कुठे भेटलो असं सगळं एकत्र सेव्ह करा. दोन दिवसांत एक निरोप पाठवा, चार ओळींच्या आत, आणि कबूल केलेली गोष्ट त्यातच द्या. न विचारता कोणाला व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घालणं आणि रोज सकाळी सूर्योदयाचा फोटो पाठवणं, याने झालेली ओळख हमखास मोडते.

एकदा भेटलेल्या माणसामागे एवढा खटाटोप कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी : मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं, की ज्याने कळवलं तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेली उत्तरं अशी : वारंवार १६.७ टक्के, अधूनमधून ५५.६ टक्के, क्वचित २७.८ टक्के. रोजच्या मित्रांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. नवी खबर दूरच्या ओळखीकडून येते. म्हणून मेळाव्यात आपल्याच गल्लीतल्या चौघांबरोबर घोळका करून उभं राहण्यात त्या दिवसाचे पाचशे रुपये वाया जातात.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. ‘आजचे कार्यक्रम’ सदरात वेळेपुढे प्रमुख पाहुण्यांची नावं छापता, त्याच्याआधी ‘मोकळ्या भेटी : १० ते १०.४५’ अशी ओळ आयोजकांकडून मागून घ्या. ज्या आयोजकाकडे ही ओळ नसेल त्याला ती जागा रिकामी दिसू द्या.

आपले,
उद्योजक मेळाव्यांच्या आखणीत काम करणारे काही जण,
कोल्हापूर