निवृत्तांच्या मासिक व्याख्यानाला हार नको, तयारी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तालुक्याच्या पानावर ज्येष्ठ नागरिकांच्या बातम्या येतात त्या बहुतेक सत्काराच्या. १ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनाला, तर शाल-श्रीफळाच्या फोटोंनी पान भरून जातं. सत्काराबद्दल तक्रार नाही. पण महिन्याला एक व्याख्यान आणि एक गप्पांची बैठक घेणारी निवृत्तांची अभ्यास मंडळं विदर्भाच्या खेड्यांत सुरू होतात आणि वर्ष-दोन वर्षांत थंडावतात. ती कशाने मोडतात आणि टिकवायला काय करावं लागतं, हे कुठे छापून येत नाही, म्हणून हे पत्र.

मंडळ आधी मोडतं ते तारखेवर. ‘पुढची तारीख कळवू’ असं म्हटलं की पुढची बैठक होत नाही. दिवस कायमचा ठरलेला हवा, आणि खेड्यात रविवारपेक्षा आठवडी बाजाराचा दिवस बरा. आसपासच्या गावांतली माणसं त्या दिवशी येतातच. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना तिकीट नाही, ६५ ते ७५ वयाच्यांना आणि महिलांना अर्धं आहे, त्यामुळे प्रश्न भाड्याचा नसतो, परतीच्या गाडीचा असतो. आधी गाडीची वेळ बघावी, मग कार्यक्रमाची ठरवावी. व्याख्यान बाजाराच्या आधी, सकाळी अकराला. नंतर ठेवलं तर लोकांचं लक्ष भाजीच्या पिशव्यांत असतं. मार्चच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत मात्र आठ वाजताच सुरू करावं. पहिल्या आठवड्यात पेन्शनसाठी बँकेत रांगा असतात, तेव्हा महिन्याचा दुसरा बाजार धरावा. पेरणीच्या आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत घरची मंडळी वावरात आणि नातवंडं, गुरं म्हाताऱ्यांकडे, त्यामुळे उपस्थिती पडते. तरी बैठक रद्द करू नये. आठ माणसं आली तरी अर्धा तास वर्तमानपत्र मोठ्याने वाचून त्यावर बोलावं, पण खंड पडू देऊ नये.

आता वक्त्यांबद्दल. दर महिन्याला बाहेरचा पाहुणा आणायचा म्हटलं की चौथ्या महिन्यात नावं संपतात आणि मग भाषणाला पुढारी येतात. निवृत्तांसाठीच्या शिक्षणाची चळवळ १९७३ मध्ये फ्रान्सच्या तुलूझ शहरात विद्यापीठाच्या आधाराने सुरू झाली. तिथे शिकवणारे प्राध्यापक होते. १९८१-८२ च्या सुमारास ब्रिटनमध्ये तिला वेगळं वळण मिळालं. सभासदच एकमेकांना शिकवणार. परीक्षा नाही, पदवी नाही. विद्यापीठापासून दूर असलेल्या आपल्या गावांना हीच दुसरी रीत जमण्यासारखी आहे. वर्षात बाहेरचे वक्ते चारच घ्यावेत, उरलेले आठ महिने सभासदांचे.

आणि सभासदांकडे सांगण्यासारखं किती असतं! जिनिंगमधला, म्हणजे सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यातला, कापसाची प्रत ठरवणारा निवृत्त ग्रेडर रुईचा पुंजका दोन हातांनी ओढून धाग्याची लांबी दाखवू शकतो, एका क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते आणि १७० किलोंची एक गाठ होते, हा हिशेब मांडू शकतो. लाइनमन सांगेल की व्होल्टेज कमी असलं तर तेवढाच भार ओढायला मोटार जास्त करंट घेते, त्यामुळे वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारेचे वेढे, तापून जळतं. अडचण एकच, हीच माणसं ‘आपल्याला भाषण येत नाही’ म्हणून मागे सरतात. त्यांना भाषण करायला लावूच नये. आठवडाभर आधी दहा प्रश्न कागदावर द्यावेत, शेजारी एक प्रश्न विचारणारा बसवावा आणि समोर टेबलावर वस्तू ठेवाव्यात: फ्यूज, जळालेलं वाइंडिंग, रुईचे दोन-तीन नमुने. हातात वस्तू आली की माणूस आपोआप बोलू लागतो. सभासदत्व मात्र पेन्शनवाल्यांपुरतं ठेवू नये. तसं झालं की कास्तकार आणि बाया बाहेरच राहतात, आणि बियाणं कसं राखावं, सुईणपण काय असतं, हे सांगणारं कोणी उरत नाही.

गर्दी होते ती कायद्याच्या आणि पैशाच्या विषयांना. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. बँकेत नॉमिनी लावला म्हणून तो मालक होत नाही. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्याखाली, बक्षीसपत्रात सांभाळ करण्याची अट लिहिली असेल आणि ती पाळली गेली नाही, तर त्याच कायद्याने नेमलेल्या न्यायाधिकरणाकडे ते रद्द करून मागता येतं. एवढ्या तीन गोष्टींना एक तास पुरत नाही. इथे एक पथ्य कडकपणे पाळावं. सभेत कुणाचं घरचं प्रकरण काढू द्यायचं नाही. भाऊबंदकी एकदा मांडवात आली की दोन घरं मंडळ सोडतात. ज्याला स्वतःचं विचारायचं असेल त्याने नंतर वक्त्याशी वेगळं बोलावं. पेन्शन चालू राहण्यासाठी लागणाऱ्या हयातीच्या दाखल्याचा विषय ऑक्टोबरातच घ्यावा, मोबाइलवर चेहरा दाखवून तो कसा होतो हे प्रत्यक्ष करून दाखवावं, कारण नोव्हेंबरात धावपळ सुरू झालेली असते. फसवणुकीच्या फोनवरही एक व्याख्यान हवंच. पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करायचा, हे तिथल्या तिथे प्रत्येकाने आपल्या मोबाइलमध्ये साठवावं.

सभागृहाकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. वयाबरोबर आधी कमी होतात ते वरच्या पट्टीतले आवाज, म्हणजे स, श, फ यांसारखे वर्ण. त्यामुळे ‘ऐकू येत नाही’ म्हटल्यावर आवाज नुसता वाढवून उपयोग नसतो, शब्द सुटे हवेत आणि बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड हवा. माइक तोंडापासून मूठभर अंतरावर धरावा. स्पीकरचे डबे बोलणाऱ्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावेत. मागे ठेवले की शिट्टी वाजते. टिनाच्या छपराखाली पावसात काहीच ऐकू येत नाही, पावसाळ्यात शाळेची खोली मागून घ्यावी. श्रोत्याने विचारलेला प्रश्न संयोजकाने माइकवर पुन्हा सांगावा. सतरंजीवर गुडघे साथ देत नाहीत, तेव्हा हात टेकायच्या खुर्च्या अर्धगोलात लावाव्यात. दिवसा प्रोजेक्टरचं चित्र फिकं पडतं. त्यापेक्षा मोठ्या कागदावर काळ्या शाईने लिहावं. २५ फुटांवरून वाचायचं तर अक्षर अडीच इंची हवं. चाळीस मिनिटं बोलणं, वीस मिनिटं प्रश्न. आणि स्वच्छतागृह नसलेली जागा फुकट मिळाली तरी घेऊ नये. तिथे बाया येत नाहीत, आल्या तर पाणी पीत नाहीत.

गप्पांची बैठक व्याख्यानाला चिकटवू नका, पंधरा दिवसांनी वेगळी घ्या. तिथे माइक नको. चाळीस जणांच्या गोलात दोघेच बोलतात, म्हणून आठ-दहांचे गोल करा. चहाच्या दोन किटल्या, बिनसाखरेची वेगळ्या रंगाची. तळलेल्या आलूबोंड्यांऐवजी पोहे किंवा उपमा, कारण कवळीला मऊ लागतं. हिवाळ्यात एक बैठक वावरात, रोडगे (निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याच्या भाजीची व्हावी. गोवऱ्या पेटवल्यापासून पानावर रोडगा पडेपर्यंत दोन-अडीच तास सहज जातात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतलेल्यांना एवढं ताटकळणं धोक्याचं आहे. जाळ नऊलाच लावावा, म्हणजे बाराच्या आत पंगत बसते.

निरोपासाठी व्हॉट्सॲपवर विसंबू नये. पाच सभासदांमागे एकाने आदल्या दिवशी फोन करावा. लागोपाठ दोनदा न आलेल्याच्या घरी दोघांनी जाऊन यावं. आमच्या मते मंडळाचं याहून मोठं काम नाही. पैशासाठी बैठकीला माणशी वीस रुपये पुरतात. त्यात चहा आणि वक्त्याचं गाडीभाडं निघतं. नोंदणीला सात जण लागतात आणि मग दरवर्षीचे हिशेबही आले, तेव्हा पहिली दोन वर्षं ती घाई नको.

आपल्या दैनिकाकडे मागणं एवढंच, की तालुक्याच्या पानावर बाजाराच्या आदल्या दिवशी विषय, वक्ता, जागा, वेळ अशा चार ओळी छापाव्यात, आणि नंतरच्या बातमीत मान्यवरांच्या नावांऐवजी व्याख्यानात सांगितलेली एक उपयोगाची गोष्ट यावी. मजकूर आठवडाभर आधी लेखी पोहोचवण्याची जबाबदारी मंडळांची.

आपले,
निवृत्तांच्या अभ्यास मंडळांचे काही कार्यकर्ते,
जि. यवतमाळ