शनिवारची टाहो सहल: किनारा कोणता?

मंडळी, टाहो तलावावरच्या सॅन्ड हार्बर किनाऱ्याला जायचा बऱ्याच जणांचा आग्रह आहे. जागा देखणीच, पाणी काचेसारखं आणि मोठमोठे ग्रॅनाइटचे गोटे. पण उन्हाळ्यात तिथलं पार्किंग सकाळीच भरतं आणि आपली मंडळी पोहे आटपून निघेपर्यंत नऊ वाजतात! एमराल्ड बेच्या किनाऱ्याला जायला सुमारे मैलभर उतार, येताना तेवढाच चढ. आजी-आजोबांना ते जमायचं नाही. म्हणून किंग्ज बीच ठरवलाय: वाळू आहे आणि पाणी बरंच आतपर्यंत उथळ.

तलाव सुमारे ६,२०० फूट उंचीवर आहे. ऊन चटके देतं, पाणी मात्र जुलैतही गारठवतं. टोपी, सनस्क्रीन, मुलांना लाइफ जॅकेट आणाच. येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत इथेच नावं कळवा.