सँ-व्हेराँला येण्याआधी

ग्रनोबल, नोव्हेंबर

ती. आई, ती. दादा आणि सौ. वहिनी यांस,
शि. सा. न. वि. वि.

जानेवारीअखेरचा बेत पक्का केलात, उत्तम केलंत. फेब्रुवारीत इथल्या शाळांना विभागवार सुट्ट्या लागतात. मग चार आठवडे डोंगरातल्या खोल्या मिळता मिळत नाहीत आणि भाडीही चढतात.

केरा हा भाग आल्प्समध्ये, इटलीच्या सीमेला चिकटून आहे. आपण राहणार ते सँ-व्हेराँ गाव २,०४० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जवळजवळ ४०० मीटर उंच. जानेवारीत तिथे रात्री उणे दहाच्या आसपास जाणं नेहमीचंच. या आकड्याने आईने घाबरू नये. हवा कोरडी असते, दिवसा लख्ख ऊन पडतं, आणि कोरडी थंडी नीट कपड्यांत सोसते. तिथे खरा त्रास देते ती ओल. घामाने ओला झालेला गंजीफ्रॉक, बर्फ शिरलेला बूट, दुपारी वितळून संध्याकाळी गोठलेला रस्ता. हे पत्र मुख्यतः त्यासाठीच लिहिते आहे.

कपड्यांत सुती काहीही अंगालगत नको. सुती कापड घाम धरून ठेवतं, आणि चढ संपून थांबलं की तोच घाम गार पडून हुडहुडी भरते. अंगालगत पातळ लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, त्यावर उबदार स्वेटर किंवा फ्लीस, सर्वांत वर वारा-पाणी अडवणारं जाकीट. वहिनी, साड्या आणू नका असं म्हणत नाही, पण त्या घरात नेसायला. चालायला निघताना किंचित थंडी वाजेल इतकेच कपडे घालायचे, कारण पाच मिनिटांत अंग तापतं. थांबलात की घाम सुकायची वाट न पाहता लगेच वरचा थर चढवायचा. हातमोजे दोन जोड: आत पातळ, वर जाड. एकावर एक दोन जाड पायमोजे मात्र नकोत. बूट घट्ट होतो, रक्त खेळत नाही आणि पाय आणखी गार पडतात. जाड लोकरीचा एकच मोजा, आणि आत बोटं हलतील एवढा बूट. बूट ओले झाले तर हीटरवर ठेवू नका, तळव्याचा गोंद सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि तासाभराने बदलायचे.

गॉगल आणि ५० एसपीएफचं क्रीम विसरू नका. ताजा बर्फ बहुतेक ऊन परत फेकतो, त्यामुळे हनुवटीखाली आणि नाकपुड्यांतही कातडी भाजते. गॉगलवर ३ किंवा ४ नंबरची श्रेणी लिहिलेली हवी.

प्रवासाचं सांगते. विमानतळावरून पॅरिसच्या ओस्टर्लित्झ स्टेशनला यायचं. तिथून ब्रियाँसाँला जाणारी रात्रीची गाडी आहे. दुसऱ्या वर्गात एका कप्प्यात सहा बर्थ, पहिल्यात चार. आईसाठी पहिला वर्ग आणि खालचा बर्थ घ्या. उतरायचं ब्रियाँसाँला नव्हे, त्याआधी माँ-दोफँ-गिय्येस्त्रला. आँब्रँ स्टेशन गेलं की सामान दाराशी आणून ठेवा, कारण त्यापुढचं स्टेशन आपलंच. तिथून केराला बस जाते. तिच्या वेळा गाडीशी जुळतात का ते तिकीट काढतानाच बघा. चाकांच्या बॅगा आणू नका. सँ-व्हेराँत पाहुण्यांच्या गाड्या गावाबाहेरच ठेवतात, आणि तुडवलेल्या बर्फावर ती चाकं रुतून बसतात. पाठीवरच्या पिशव्या बऱ्या.

दादा, तुला गाडी भाड्याने घ्यायची आहे हे वहिनींकडून कळलं. माझं मत विचारशील तर घेऊ नकोस. घेतलीसच तर १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात इथल्या डोंगरी भागात हिवाळी टायर किंवा साखळ्या बंधनकारक आहेत. टायरवर तीन शिखरं आणि हिमकण असं चिन्ह हवं. साखळी इंजिनाची ताकद जाते त्या चाकांनाच लावायची, बहुतेक गाड्यांत पुढच्या. चढ लागण्याआधी सपाट जागी थांबून लावायची. शंभरेक मीटर गेल्यावर उतरून पुन्हा ताणायची, नाहीतर ती सैल होऊन चाकात अडकते. ५० च्या वर वेग नको आणि कोरडा डांबरी रस्ता लागला की काढायची. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नकोस. त्यातली ओल गोठली की सकाळी चाक सुटत नाही. गाडी गिअरमध्ये ठेव आणि वायपर काचेपासून उभे कर. डिझेल गाडी असेल तर वर येताना डोंगरातल्याच पंपावर टाकी भर. थंडीसाठीचं डिझेल वेगळं असतं, साध्या डिझेलमध्ये मेण धरतं.

गील नदीच्या घळीतून येणारा रस्ता हीच हिवाळ्यातली वाट. आन्येल आणि इझोआर या खिंडी तेव्हा बंद असतात. इटलीकडून पूर्वेचा ओला वारा चढला की इथे थोड्या वेळात भरमसाट बर्फ पडतो. घळीतही हिमस्खलनाच्या भीतीने रस्ता बंद होऊ शकतो. म्हणून परतीच्या विमानाआधी एक पूर्ण दिवस हाताशी ठेवा.

गावात पाय घसरून पडणं हा आईच्या वयाला सर्वांत मोठा धोका, डोंगरमाथे नव्हेत. दुपारी छपरांचं पाणी गल्ल्यांत उतरतं आणि सूर्य कड्याआड गेला की काचेसारखं होतं. बुटावर ताणून बसवायची रबरी खिळेवाली जाळी मिळते. ती सकाळी दहाच्या आत आणि चारनंतर घालायचीच. घरात शिरताना काढा, फरशीवर ती उलटी घसरते.

बर्फावर चालायला राकेत भाड्याने मिळतात, पसरट चौकट आणि खाली दात. टाच मोकळी ठेवायची. तीव्र चढाला टाचेखालची पट्टी उभी करायची म्हणजे पोटऱ्या दुखत नाहीत. उतारावर ती आडवी पाडून गुडघे वाकवायचे आणि पूर्ण तळवा टेकवायचा. उतार आडवा कापू नका, राकेत मुरगळते. तासाला दोन-तीन किलोमीटरच धरा, आणि फक्त खुणा लावलेल्या वाटांनी जा. मेतेओ-फ्रान्स या इथल्या हवामान खात्याचं हिमस्खलनाचं पत्रक रोज निघतं, धोका १ ते ५. तिसरा म्हणजे मधला, म्हणून चालेल, असं समजू नका. ३० अंशांपेक्षा उभ्या उताराखालून त्या दिवशी जायचंच नाही. तातडीला ११२. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी बसते. व्हिसासाठी ३०,००० युरोचा विमा लागतोच, त्यात बर्फावरच्या खेळांची दुखापत येते का ते वाचून घ्या.

आता स्वयंपाक. खवा, पेढे, तूप, श्रीखंड आणू नका. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस आणायला बंदी आहे. ताजा कढीपत्ताही नको, वाळवलेला आणा. तुपाची चिंता नको. इथलं बिनमिठाचं लोणी ८२ टक्के स्निग्धांशाचं असतं, २५० ग्रॅमच्या वडीतून २०० ग्रॅमच्या आसपास तूप निघतं. सँ-व्हेराँला पाणी सुमारे ९३ अंशांवर उकळतं, म्हणून तूरडाळ उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही. छोटा स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा कुकर आणा. ॲल्युमिनियमचा बहुधा चालणार नाही. मेतकूट आणि भाजणी हवीच. आईसाठी एक गोष्ट: इथलं पारंपरिक चीज बहुतेक वासराच्या पोटातल्या विरजणाने लावतात, आणि सूपही मांसाच्या पाण्यावर असू शकतं. विचारल्याशिवाय घेऊ नका.

गावातली घरं निवांत बघा. खाली दगडी भाग, तिथे पूर्वी हिवाळाभर माणसं आणि गुरं एकत्र राहत, गुरांच्या उबेवर. वर मेलेझच्या, म्हणजे लार्चच्या, ओंडक्यांचा गवताचा माळा. हे झाड सूचिपर्णी असूनही पानं गाळतं, तेव्हा रान वठलेलं दिसलं तरी ते जिवंत असतं. आग पसरू नये म्हणून गावाचे भाग मुद्दाम मोकळ्या जागा सोडून वसवलेत. सर्वांत जुनं घर १६४१ चं, आता ते संग्रहालय आहे. भिंतींवरची रंगीत सूर्यघड्याळं दादाला आवडतील. जानेवारीअखेर ती हातातल्या घड्याळापेक्षा पाऊण तास मागे असतात. त्यातला अर्धा तास आपण मध्य युरोपाची वेळ पाळतो म्हणून, बाकीचा पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि तिच्या कललेल्या आसामुळे.

बर्फाचे बूट इथूनच भाड्याने घेऊन ठेवते. तिघांच्या पावलांची लांबी सेंटिमीटरमध्ये कळवा. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, लोकरी मोजा घालून भिंतीला टाच टेकवून मोजा, आणि दोन्ही पायांची मोजा.

आईला नमस्कार.

तुमची धाकटी