जहाज कोणत्या धक्क्याला लागते, ते आधी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेल्या काही महिन्यांपासून फ्रान्समधील नदीसफरींची वर्णने येत आहेत आणि त्याच पानांवर ‘सात रात्री जहाजावर, सात दिवस स्वतः गाडी चालवा’ अशा धाटणीच्या जाहिरातीही दिसत आहेत. वर्णने वाचनीय असतात, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु जो वाचक माणशी काही लाख रुपये मोजून तेथे जाणार आहे, त्याला सूर्यास्ताच्या रंगांपेक्षा जहाज नेमके कोठे उभे राहणार आणि भाड्याच्या गाडीत कोणते इंधन भरायचे, हे कळणे अधिक गरजेचे असते. मी मुंबई बंदरातील नोकरीतून निवृत्त झालेला माणूस आहे. गेल्या वर्षी मे-जूनमध्ये मी, पत्नी, मेहुणे आणि मेव्हणी असे चौघे एक आठवडा सीन नदीवर आणि पुढचा आठवडा मोटारीने हिंडून आलो. त्या प्रवासात, आणि त्याआधी केलेल्या चौकशीत, जे हाती लागले ते येथे मांडतो.

पहिला प्रश्न नदीचा. फ्रान्स म्हटले की आपल्याकडे अनेकांच्या डोळ्यांपुढे ल्वार खोऱ्यातील राजवाडे येतात आणि मग ‘ल्वारवरची क्रूझ’ मागितली जाते. ती नदी उथळ आहे, पात्रात वाळूची बेटे आहेत आणि नेहमीची प्रवासी जहाजे तिच्यावर चालू शकत नाहीत. २०१५ साली चाकाच्या वल्ह्यांवर चालणारे, उथळ तळाचे एक जहाज खास तिच्यासाठी बांधावे लागले, यावरूनच काय ते समजावे. शांबोर व शनोंसो हे राजवाडे आणि लिओनार्दो दा विंचीने जेथे १५१९ साली देह ठेवला ते आंब्वाझ पाहायचे असेल, तर मोटारच हवी. नदीसफरीसाठी मुख्यतः दोन पर्याय उरतात. सीनवर पॅरिसहून नॉर्मंडीच्या दिशेने जाता येते, किंवा दक्षिणेत सोन व रोन या नद्यांवरून लियाँपासून आव्हिन्याँ, आर्लपर्यंत जाता येते. रोनवर लियाँ ते आर्ल या टप्प्यात बारा मोठे जलपाश, म्हणजे जहाजाला पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारी दारांची लॉक, आहेत आणि त्यांतील बोलेनचा जलपाश जहाजाला एका दमात सुमारे २३ मीटर खाली उतरवतो. इंदिरा गोदीच्या लॉकमधून जहाजे आत-बाहेर होताना मी वर्षानुवर्षे पाहिली आहेत, पण तेथे प्रश्न भरती-ओहोटीच्या फरकाचा असतो. सात-आठ मजली इमारतीएवढी उंची उतरणारे जहाज आमच्या बंदरातल्या कोणीही पाहिलेले नसणार. आम्हाला मात्र नॉर्मंडी पाहायची होती, म्हणून सीन निवडली. ज्यांना रोमन अवशेष आणि उन्हाची हौस आहे, त्यांनी रोन निवडावी. फक्त उत्तरेकडून येणारा मिस्त्राल वारा वसंतातही हाडे गोठवतो, तेव्हा लोकरीचे काहीतरी सोबत असू द्यावे.

आता धक्क्याविषयी, कारण आमची खरी फसगत तेथेच झाली. कार्यक्रमपत्रिकेवर ‘पॅरिस’ असे छापलेले होते. जहाज प्रत्यक्षात शहराच्या पश्चिमेला ले पेक येथे उभे होते, जेथून शहराच्या मध्यभागी जायला लोकलसारखी आर-ई-आर गाडी पकडावी लागते. जागा सुंदर आहे, तक्रार जागेची नाही. परंतु ‘रात्री जेवण झाल्यावर आयफेल टॉवरपर्यंत पायी फिरून येऊ’ हा आमचा बेत पहिल्याच संध्याकाळी बारगळला. आमच्या प्रवास कंपनीच्या माणसाला विचारले, तर त्यालाही धक्का ठाऊक नव्हता. शहरातच, आयफेल टॉवरपासून चालत जाता येईल अशा ग्रनेल किंवा जाव्हेलच्या धक्क्याला लागणारी जहाजेही आहेत, आणि दोन्हींच्या भाड्यात फरक असेल तर तो कशाचा, हे आगाऊ पैसे भरण्यापूर्वीच कळले पाहिजे. हीच गोष्ट दुसऱ्या टोकाची. ‘नॉर्मंडीचे किनारे’ जाहिरातीत असतात, पण ६ जून १९४४ रोजी मित्रराष्ट्रांच्या फौजा जेथे उतरल्या ते किनारे नदीवर नाहीत. सीनकाठच्या रुआँ किंवा कोदबेक या गावांच्या धक्क्यावरून बसने जाऊन-येऊन चार-एक तास मोडतात. ज्यांना पाठीचा त्रास आहे त्यांनी त्या दिवशी रुआँमध्येच थांबावे, तेथील कॅथेड्रल आणि जोन ऑफ आर्कला १४३१ साली जेथे जाळले तो चौक पाहावा, त्यात काही कमीपणा नाही.

पोझ येथील शेवटचा जलपाश ओलांडला की सीनला भरती-ओहोटी लागते, हे जहाजावरील इतर कोणाच्या ध्यानात आले की नाही कोण जाणे, मी मात्र त्या रात्री कठड्यापाशी उभा राहून काठावरची ओली रेघ न्याहाळत होतो.

खोली घेताना आपले लोक ‘बाल्कनी पाहिजेच’ असा आग्रह धरतात. नदीवरची जहाजे गर्दीच्या दिवसांत धक्क्यावर एकाला एक खेटून बांधतात आणि मग त्या बाल्कनीतून दिसतो तो शेजारच्या जहाजातील प्रवाशांचा पडदा. खालच्या मजल्यावरच्या खोल्या स्वस्त असतात, तेथील खिडकी पाण्याच्या पातळीच्या जरा वर असते आणि सहसा उघडत नाही. शिवाय अनेक जहाजांत लिफ्ट त्या मजल्यापर्यंत पोहोचत नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी मधला मजला घ्यावा आणि बाल्कनीचे पैसे वाचवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पुलाखालून जाताना वरचा उघडा मजला कधी कधी बंद करतात, तेव्हा तेथे बसूनच सगळा प्रवास करू असेही गृहीत धरू नये. बोट लागण्याची भीती मात्र कोणी बाळगू नये. कपातला चहाही हिंदकळत नाही.

पाण्याच्या पातळीचा मुद्दा पावसाळा भोगणाऱ्या मुंबईकराला वेगळा समजावून सांगायला नको. सीनला पूर आला की पॅरिसच्या पुलांखालून जहाज जाऊ शकत नाही. जून २०१६ मध्ये आणि जानेवारी २०१८ मध्ये पाणी साडेपाच मीटरच्या वर गेले होते. अशा वेळी कंपनी प्रवाशांना बसमधून नेते, आणि तसे करण्याचा हक्क तिने करारात बारीक अक्षरांत राखून ठेवलेला असतो. ते कलम सही करण्याआधी वाचावे. जिव्हर्नी येथील चित्रकार क्लोद मोनेचे घर व बाग साधारण एप्रिल ते ऑक्टोबर एवढ्याच काळात उघडी असतात, त्यामुळे हिवाळ्यातील स्वस्त सफर घेणाऱ्याला सीनवरचा सर्वांत नावाजलेला थांबा मिळत नाही, हेही जाहिरातीत कोणी सांगत नाही.

मोटारीकडे वळण्यापूर्वी एक ठाम सल्ला: आधी नदी, मग रस्ता. मुंबईहून रात्रभर विमानात बसून आलेल्या माणसाने त्याच सकाळी विमानतळावर गाडी ताब्यात घेऊन, आयुष्यभराची सवय मोडून रस्त्याच्या उजव्या बाजूने आणि डावीकडच्या सुकाणूने पॅरिसच्या गर्दीत शिरणे हा शुद्ध अविचार आहे. आठवडाभर जहाजावर काढला की झोपेची घडी बसते आणि काठावरून तेथील रहदारी पाहण्याचीही सवय होते. आम्ही पॅरिसहून आगगाडीने सव्वा तासात ल्वार खोऱ्यातील तूर शहर गाठले आणि गाडी तेथे घेतली. पॅरिसमध्ये मोटार हा केवळ भार आहे: बहुतेक रस्त्यांवर २०२१ पासून ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आहे आणि पार्किंगचे भाडे ऐकून दादरच्या पार्किंगबद्दल पुन्हा कधी कुरकुर करणार नाही.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना निघण्यापूर्वी आपल्या आरटीओतूनच काढावा लागतो. अर्ज नमुना ४-अ आहे, शुल्क एक हजार रुपये आहे, मुदत एक वर्षाची आहे, आणि तो मूळ परवान्यासोबतच दाखवायचा असतो. गाडी ज्याच्या नावावर घ्यायची त्याच्याच नावाचे क्रेडिट कार्ड काउंटरवर मागतात. डेबिट कार्ड अनेक ठिकाणी चालत नाही. आपल्या बँकांनी कार्डावरचे परदेशी व्यवहार मुळात बंद ठेवलेले असतात, ते घरूनच सुरू करून घ्यावेत. मेहुण्यांचे कार्ड तूरच्या काउंटरवर नाकारले गेले ते याच कारणाने. ऑटोमॅटिक गाडी हवी असल्यास तसे आरक्षणातच नोंदवावे, कारण न सांगता मिळते ती बहुधा गिअरची असते आणि गिअर उजव्या हाताला येतो.

सर्वांत घातक नियम उजवीकडून येणाऱ्याच्या अग्रहक्काचा. गावात चौकात पाटी नसेल, तर उजवीकडच्या बोळातून निघालेल्या गाडीला आधी जाऊ द्यावे लागते, मग तुम्ही कितीही मोठ्या रस्त्यावर असा. पांढऱ्या किनारीची, टोकावर उभी केलेली पिवळी चौकोनी पाटी दिसली की अग्रहक्क तुमचा. तिच्यावर काळी तिरपी रेघ दिसली की तो संपला. चक्राकार चौकात मात्र जवळजवळ सर्वत्र आतील गाड्यांना अग्रहक्क असतो आणि त्या डावीकडून येतात, म्हणून तेथे मान डावीकडे वळवावी. आंब्वाझजवळच्या एका खेड्यात मी हे विसरलो आणि उजव्या बोळातून आलेल्या ट्रॅक्टरवाल्याने मला जे ऐकवले, ते न समजल्याबद्दल मी आजही समाधानी आहे.

वेगमर्यादा महामार्गावर १३०, पाऊस असल्यास ११०, दुभाजक नसलेल्या साध्या दुहेरी रस्त्यावर २०१८ पासून ८०, काही जिल्ह्यांनी ती पुन्हा ९० केली आहे, गावात ५०. गावाच्या नावाची पाटी दिसली की ५० आपोआप लागू होते, वेगळा आकडा लिहिलेला नसतो. मोबाइल हातात धरणे सिग्नलला थांबलेले असतानाही गुन्हा आहे, आणि कानात इअरफोन घालणेसुद्धा. गाडीत परावर्तक जाकीट आणि त्रिकोण आहे का, हे ताबा घेतानाच पाहावे.

पेट्रोल पंपावर ‘गाझोल’ असे लिहिलेले असते आणि इंग्रजी वाचणाऱ्याला ते पेट्रोलच वाटते. ते डिझेल असते. मेहुण्यांनी तीच नळी उचलली होती. डिझेलची नळी जाड असल्याने ती पेट्रोलच्या गाडीच्या तोंडात शिरेना, म्हणून आम्ही वाचलो. उलटे झाले असते, तर बारीक नळी सहज आत गेली असती. गोलातले ई-१० पेट्रोलचे आणि चौकोनातले बी-७ डिझेलचे, एवढी खूण लक्षात ठेवावी. सुपरमार्केटच्या पंपावर इंधन महामार्गापेक्षा स्वस्त पडते, परंतु तेथे रविवारी माणूस नसतो आणि यंत्र कार्डावरची मोठी रक्कम काही दिवस अडकवून ठेवते. रविवारी एक सुखही असते: शनिवारी रात्री दहापासून रविवारी रात्री दहापर्यंत अवजड मालट्रकना बंदी असल्याने महामार्ग मोकळे असतात. जुलै-ऑगस्टचे शनिवार मात्र टाळावेत. ‘बिझाँ फ्युते’ ही तेथील सरकारी रहदारी-सूचना सेवा दिवसांना हिरवा, नारिंगी, लाल, काळा असे रंग देते; काळ्या दिवशी आपल्या गणेशोत्सवातल्या कोकणवाटेची आठवण होईल.

टोलच्या नाक्यांवर बहुधा आत शिरताना तिकीट घ्यायचे आणि बाहेर पडताना पैसे भरायचे. फास्टॅगच्या धर्तीवरील फक्त ‘टी’ लिहिलेल्या मार्गिकेत घुसू नये. पण काही महामार्गांवर आता नाकेच नाहीत. मों-सां-मिशेल हा समुद्रातील खडकावरचा मठ पाहून कां या शहरामार्गे रुआँला परतताना आम्ही नॉर्मंडीच्या ए-१३ वरून आलो, डोक्यावरच्या कमानीने गाडीचा क्रमांक टिपला आणि आम्हाला पत्ताही लागला नाही. हा टोल ७२ तासांत संकेतस्थळावर किंवा ठरावीक तंबाखूच्या दुकानांत भरायचा असतो. आम्ही भरला नाही. महिन्याभराने मुलुंडला मागणीपत्र आले, आणि गाडीवाल्या कंपनीने आमचा पत्ता कळवण्याचे स्वतःचे शुल्क कार्डावरून कापले ते टोलच्या कितीतरी पट होते.

तरुण कुटुंबांसाठी तिसरी वाटही आहे. दक्षिणेतील कॅनाल द्यू मिदी पिएर-पॉल रिके याने १६६६ ते १६८१ या काळात खोदवला आणि त्यावर भाड्याची छोटी बोट चालवायला परवाना लागत नाही. तासाभराचे शिक्षण देऊन बोट हाती सोपवतात. माझा भाचा सहकुटुंब जाऊन आला. वेग माणसाच्या झपाझप चालण्याएवढा असतो, आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत जलपाश बंद असतात, त्यामुळे घाई असणाऱ्याने तिकडे फिरकू नये.

खाण्याविषयी एवढेच की शाकाहार जहाजाला महिनाभर आधी लेखी कळवावा, आणि मे महिन्यातल्या प्रवाशाने हापूसची पेटी, पेढे किंवा तूप नेऊ नये. युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणता येत नाहीत आणि वनस्पती-आरोग्याच्या दाखल्यावाचून आंबाही नाही. चिवडा, मेतकूट, सुक्या चटण्या निर्धास्त न्याव्यात.

आपल्याला विनंती एकच. पुरवणीत अशा सफरीची जाहिरात किंवा वर्णन छापताना शहराच्या नावाशेजारी धक्क्याचे नावही छापावे. बंदरात आम्ही कोणत्याही जहाजाविषयी पहिला प्रश्न ‘बर्थ कोणता?’ हाच विचारत असू, आणि त्याचे उत्तर नसलेल्या जहाजाला गोदीत घेत नसू.

आपला,
एक निवृत्त बंदर-कर्मचारी
मुलुंड (पूर्व), मुंबई