हेरफर्डच्या संग्रहालयातल्या बाईंना, एका खाटकाच्या लेकीकडून

स. न. वि. वि.

तुमचं नाव मला ठाऊक नाही, म्हणून हे जाहीर पत्र. इंग्लंडमधल्या हेरफर्ड शहराच्या हाय टाउन चौकातल्या ब्लॅक अँड व्हाइट हाउसमध्ये त्या दुपारी तुम्ही ड्युटीवर होतात. सोबत माझे वडील होते, डोक्यावर पांढरी टोपी.

अण्णांचं कराडला मटणाचं दुकान. आता भाऊ बघतो. आम्ही खाटीक, पण माझ्या लग्नाच्या बैठकीत अण्णा ‘आमचा धंदा आहे’ एवढंच म्हणून गप्प बसले होते. अशा माणसाला तुम्ही बाहेर नेऊन दारावरच्या लाकडात कोरलेलं खाटकांच्या संघाचं मानचिन्ह दाखवलंत. घराच्या कपाळावर, भर चौकात! अण्णा मान वर करून बघतच राहिले.

घर १६२१ सालचं. तेव्हा तिथे खाटकांची अख्खी ओळच होती, बुचर्स रो. एकोणिसाव्या शतकात बाकीची घरं पाडली, हे तेवढं वाचलं. पुढे ते बँकेकडे गेलं, बँकेनं शहराला दिलं आणि १९२९ पासून तिथे संग्रहालय आहे. खरं सांगायचं तर आत धंद्यापेक्षा संसारच जास्त दिसतो. काळपट ओकचं सामान, खांबांचा पलंग, लाकडी पांगुळगाडासुद्धा! अण्णांची नजर मात्र मटण टांगायचे आकडे आणि तोडायचा ठोकळा शोधत होती. तसं त्यांनी मला विचारलं, मी तुम्हाला.

तुम्ही माहितीचा कागद पुढे केला नाहीत. स्वतःची खुर्ची अण्णांना दिलीत (त्यांचे गुडघे तुमच्या लक्षात आले होते) आणि उलट त्यांनाच विचारलंत, तुमच्याकडे कसं असतं? मग काय! रात्री दुकान बंद करताना ठोकळा कसा खरवडायचा, वर मीठ कसं चोळायचं, सुरीला धार लागली की नाही हे आवाजावरून कसं ओळखायचं, सगळं निघालं. मी भाषांतर करता करता दमले. यातलं निम्मं मलाही पहिल्यांदाच कळत होतं. तुम्ही वहीत लिहून घेत होतात, ते पाहून अण्णा आणखी सावकाश बोलायला लागले.

आपल्याकडे सरदारांचे वाडे जपतात. खाटकाचं घर कोण जपणार?

तुमचे मनापासून आभार. मानचिन्हाचा फोटो अण्णांनी मोठा करून घेतलाय. भाऊ म्हणतो गल्ल्याच्या मागे लावू, अण्णा म्हणतात रस्त्यावरून दिसला पाहिजे. वाद अजून चालू आहे.